नखाएवढा भारत

भारत यंदा किती सरकला, हे आमच्या सोसायटीत दर दिवाळीला नेलकटरने ठरतं.

ही जबाबदारी शेवाळे आबांच्या डाव्या करंगळीकडे आहे. बाकीची नऊ नखं आबा दर रविवारी कापतात, आणि तीही इतकी खोल की बघणाऱ्याची बोटं झोंबावीत. करंगळीचं नख मात्र दिवाळी ते दिवाळी वाढत राहतं. आपलं नख ज्या चालीनं वाढतं, साधारण त्याच चालीनं आपला अख्खा देश खालच्या खडकासकट ईशान्येला चालला आहे, हे आबांना मोबाइलवर समजलं, आणि तेव्हापासून देशाचं मोजमाप त्यांनी स्वतःच्या हातात घेतलं. लिफ्टमध्ये भेटले की करंगळी आपल्या नाकासमोर धरतात आणि म्हणतात, "गणपतीपासून एवढा गेला." आपल्याला जायचं असतं चौथ्या मजल्यावर, पण मन तिबेटपर्यंत जाऊन येतं.

मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात तयार मालाच्या तपासणीचं काम करतो. हे आबांना कळलं आणि माझी नेमणूक झाली. तुमच्याकडं बारीक मापायचा चिमटा असतो ना, तो दिवाळीला घेऊन या, असा हुकूम सुटला. तेव्हापासून दर नरक चतुर्दशीला मी व्हर्नियर कॅलिपर घेऊन हजर असतो. मी आकडा सांगतो, आबा मान हलवतात आणि खाली फटाके उडवणाऱ्या पोरांना गॅलरीतून देशाची प्रगती जाहीर करतात. एका वर्षी आषाढात नख लिफ्टच्या दारात सापडून तुटलं. आबा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी चौकशी केली तर म्हणाले, "भूकंप झाला. हे वरीस धरायचं नाय."

त्यांची गॅलरी आणि आमची गॅलरी शेजारीशेजारी, मधे एक लोखंडी जाळी. त्यामुळे हा सोहळा मला पहिल्यापासून बघायला मिळतो. पहाटे आबा अंगाला तेल-उटणं लावून, नेलकटर मांडीवर ठेवून खुर्चीत बसतात. पण नख काही लगेच कापत नाहीत. सोसायटीच्या गेटकडे बघत बसून राहतात. आतून सूनबाई पाणी गार होतंय म्हणून हाका मारते, मग पुन्हा तापवते, मग पुन्हा हाका मारते. आबांचं उत्तर ठरलेलं असतं: "सावकाश, पण सरकतंय." चांगलं उजाडलं, घराघरांत फराळाच्या ताटल्या फिरायला लागल्या, की एक सुस्कारा सोडून कचकन नख कापतात. आम्ही समजत होतो की त्यांना मापाला चांगला उजेड हवा असतो. माझ्या धंद्यात हे कौतुकाचंच आहे.

आबा मूळचे देवळ्याकडचे. सगळं आयुष्य कांद्यात गेलं. पाच वर्षांपूर्वी मुलाने, म्हणजे प्रवीणने, इथे पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घेतला आणि आबांना घेऊन आला. शेतकरी माणूस फ्लॅटमध्ये आला की जमिनीपासून तुटतो, असं सगळे म्हणतात. आबांचं उलटं झालं. वर राहायला आल्यावर ते जमिनीत जे शिरले ते गाभ्यापर्यंत जाऊन थांबले.

याची सुरुवात एका बोअरपासून झाली होती. गावाकडच्या शेतात आबांनी बोअर घेतला. मशीन घरघरायला लागलं, आधी मुरूम निघाला, मग काळ्या दगडाचा भुगा निघाला, आणि मग एकदम तांबडं. पुन्हा काळं. पुन्हा खाली तांबडं. पाणी नाही. शेवटपर्यंत नुसता फुफाटा उडत राहिला आणि बोअर कोरडा गेला. गाव हळहळलं, घरच्यांनी कपाळाला हात लावला. आबा मात्र मशीनवाल्याच्या मागे लागले की काळ्याच्या मधे हे तांबडं कुणी घातलं. तो म्हणाला, असंच असतं. हे उत्तर आबांना आयुष्यात कधी पटलेलं नाही.

नाशकात आल्यावर रिकामा वेळ आणि सुनेचं वायफाय असं दोन्ही मिळालं, आणि आबांनी छडा लावला. काळा थर म्हणजे एकदा वाहून आलेला तप्त रस. तो निवला, त्यावर पावसाळे गेले, त्याची माती झाली, तीत गवत उगवलं, झाडं आली. मग पुन्हा रस आला आणि त्या मातीला भाजून वर बसला. तीच भाजलेली माती म्हणजे तांबडं. आमच्या गॅलरीत कुंड्या आहेत, त्यांच्या गॅलरीत कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्यांत बोअरचा भुगा भरून ठेवला आहे. मुरूम, काळा, जरा करडा काळा, असं ओळीनं. तांबड्याची बाटली तेवढी नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, तांबड्याचा ढीग बांधापलीकडं पडला. आणि लगेच आमच्या तुळशीला पाणी कमी पडतंय, यावर बोलायला लागले.

आबांचा शेजार म्हणजे शिक्षण आहे आणि त्याची फी आम्ही दुधात भरतो. एकदा माझी बायको माधवी गॅसवर दूध तापवत होती आणि आबा चहाला आले होते. दुधावर साय धरलेली पाहून ते उठून ओट्याशी गेले. ही साय म्हणजे आपली जमीन, खालचं दूध म्हणजे प्रावरण, असं त्यांनी माधवीला सांगितलं. मग खरं प्रावरण असं पातळ नसतं, गार झालेल्या पिठल्यासारखं असतं, घट्ट पण सरकणारं, अशी दुरुस्ती केली. साय मधोमध फाटली आणि तिचे तुकडे हळूहळू लांब गेले. आबांना आनंद आवरेना. त्यांनी चमचा मागून घेतला आणि एक तुकडा भांड्याच्या कडेशी असलेल्या दुसऱ्या तुकड्यावर ढकलला. सायीला मस्त सुरकुत्या पडल्या. "हा घ्या तुमचा हिमालय," म्हणाले. माधवी खरंच वाकून बघायला लागली, मीही बघायला लागलो, आणि हिमालयाच्या उत्तरेकडून दूध उतू गेलं. दुसऱ्या दिवशी आबांनी भरपाई म्हणून कांद्याची गोणी आणून दिली. लिटरभर दुधाला गोणीभर कांदे हा हिशेब माधवीला इतका आवडला की तिने त्यांना पुन्हा चहाला बोलावलं.

खंडं वेगळी झाल्याची गोष्ट आबांच्या तोंडून ऐकावी. पुस्तकात ती भूगोलात असते, आबांकडे ती वाटणीच्या खटल्यात असते. आधी सगळं एकत्र कुटुंब. अमेरिका सगळ्यात आधी वेगळी निघाली, तिचा पश्चिमेकडे जायचा हट्टच होता. आफ्रिका थोरली, ती जागची हलली नाही. भारत आणि मादागास्कर ही दोन भावंडं बराच काळ चिकटून होती. मग भारतही निघाला, एकटाच समुद्र तुडवत. इथवर आबा रंगात येऊन सांगतात. मादागास्करपाशी आले की आवाज खाली जातो. "तिथं कुणी बांध कोरला नाय," असं एकदा म्हणाले होते, "कुणी तारखा घेतल्या नाय. तरी तुटलंच."

या बोलण्याचा अर्थ मला प्रवीणने सांगितला. आबांना एक थोरला भाऊ, पुंजाराम. आबा त्यांना दादा म्हणतात. दोघांची शेतं लागून, मधे एक बांध. बोअर घेतला तो बांधाच्या कडेला. मशीन चालू असतानाच दादा आले आणि म्हणाले की बांध मूळचा तिथे नव्हताच, बोअर माझ्या जमिनीत आहे. आबा म्हणाले की तूच दर साली नांगर आत घालून बांध कोरतोस. गावकीसमोर शब्दाला शब्द लागला. पुढे मोजणीचे अर्ज झाले, वकील झाले, आणि दोघं भाऊ एकाच स्टँडवर एकमेकांकडे पाठ करून गाडीची वाट बघायला लागले. बोअरला पाणी लागलं असतं तर त्या भांडणाला निदान ओल तरी मिळाली असती. त्या कोरड्या भोकावरून दोघं सख्खे भाऊ बोलायचे बंद झाले ते झालेच.

आता किल्ल्याकडे येतो.

आमच्या सोसायटीत दिवाळीला किल्ल्यांची स्पर्धा असते. अलीकडे पोरं बाजारातून प्लॅस्टरचा तयार किल्ला आणून पार्किंगमध्ये ठेवतात आणि मोबाइल बघत बसतात. यंदा चेअरमन दीक्षित साहेबांनी नोटीस लावली: किल्ला मातीचाच हवा, ऐतिहासिक हवा, वर महाराज हवेत. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले दीक्षित साहेब नियम लिहिताना इतके रमतात की त्यातल्या फटी त्यांच्या लक्षात येत नाहीत. वयाची अट लिहायची राहिली. पहिलं नाव आबांनी दिलं.

दीक्षित साहेबांनी समजुतीच्या स्वरात सांगितलं की ही स्पर्धा मुलांची आहे. आबांनी नोटीस परत वाचून दाखवायला सांगितली. मग विषय निघाला तो कोणत्या किल्ल्याचा. आबा म्हणाले, धोडप. तो आबांच्या गावातून दिसतो. डोंगराच्या डोक्यातून भिंतीसारखा सरळसोट कातळ निघालेला आणि त्या कातळात मधेच एक मोठी खाच. इथवर नियमात बसलं. पुढे आबांनी सांगितलं की किल्ला वरून अख्खा असेल आणि एका बाजूने सुरीने कापल्यासारखा उघडा, म्हणजे आतलं सगळं दिसेल, पार पृथ्वीच्या गाभ्यापर्यंत. साहेबांना हे प्रमाणात बसेना. एवढासा किल्ला आणि त्याच्याखाली एवढीशी पृथ्वी, हे कसं चालेल, असं ते म्हणाले. आबांनी शेजारच्या किल्ल्याकडे बोट दाखवलं. तिथला मावळा दरवाजापेक्षा दीडपट उंच होता आणि महाराज मांडी घालून बसले होते ते दोन बुरुजांवर मिळून.

"हा आत कसा जाणार, ते सांगा. मग माझं माप काढा."

साहेबांनी नाव लिहून घेतलं.

मग आठवडाभर आमच्या पार्किंगमध्ये जे चाललं त्याला मी कारखान्यात कधीच मंजुरी दिली नसती. तळाला विटांच्या कोनाड्यात शून्याचा लाल बल्ब, तो आतला गाभा. त्याभोवती बाह्यगाभा. तो वितळलेला असतो, म्हणून आबांनी काचेच्या पसरट भांड्यात काकवी ओतली. रंग फार सुंदर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाह्यगाभ्याला मुंग्या लागल्या होत्या. त्या प्रावरणातून रांग धरून थेट महाराजांच्या पायापर्यंत गेल्या आणि तिथून तळमजल्यावरच्या देशपांड्यांच्या चिवड्यात उतरल्या. रीतसर तक्रार आली. आबांनी काकवीऐवजी केशरी रंग कालवला, पण पुढे दोन दिवस जाणाऱ्या-येणाऱ्याला सांगत होते की खरा माल आधी होता.

प्रावरण झालं, त्यावर कवच झालं. कवचात आबांनी आपल्या बोअरचाच भुगा थराथराने दाबून भरला. काळा, करडा, काळा. वर धोडप उभा राहिला, उतारावर हळीव पेरले ते हिरवेगार उगवले. सोसायटीतली पोरं आपापले किल्ले सोडून इथेच पाणी शिंपायला यायला लागली. फक्त काळ्या थरांच्या मधे आबांनी बोटभर फट मोकळी ठेवली होती. तिथे तांबडं हवं होतं.

माधवीने घरातला गेरू आणून दिला. आबांनी हात जोडून परत केला. कुणी विटांचा चुरा सुचवला, कुणी रांगोळीचा लाल रंग. आबा सगळ्यांना एकच सांगत: खोटं तांबडं भरायचं नाही. शेवटी त्यांनी प्रवीणच्या हातात फोन दिला. प्रवीणने गावी चुलतभावाला फोन करून निरोप ठेवला की आबांना बोअरजवळची तांबडी माती हवी आहे, बादलीभर पुरे. पलीकडून एवढंच आलं की दादांना सांगतो. आबा शेजारी हळिवावर पाणी मारत उभे होते. ते हळीव त्या दिवशी वाहून जायचे वाचले.

चार दिवस गेले, काही उत्तर आलं नाही. आबांची चाल बदलली. लिफ्टमध्ये करंगळी वर येईना. मी आपणहून विचारलं, दसऱ्यापासून किती सरकला, तर त्यांनी हात खिशात घातला. मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. बक्षीस जाईल याची त्यांना फिकीर नव्हती. त्यांनी इतक्या वर्षांत भावाकडे पहिल्यांदाच काही मागितलं होतं आणि तेही बादलीभर माती. तीही नाकारली गेली तर मग मागायला उरतं काय.

धनत्रयोदशीला संध्याकाळी परीक्षण होतं. त्या सकाळी मी सुट्टी घेऊन पार्किंगमध्ये आबांना बल्बची वायर लावून देत होतो, तेवढ्यात वॉचमन आला. म्हणाला, गेटवर एक म्हातारे बाबा खताची गोणी घेऊन उभे आहेत, कुणाकडे जायचं विचारलं तर फ्लॅट नंबर सांगत नाहीत, नुसतं 'निंबाना भाऊ' म्हणतात. म्हणजे निंबाचा भाऊ; निंबा हे आबांचं नाव. आबा उकिडवे बसले होते ते तसेच राहिले. मीच जाऊन त्यांना आत घेऊन आलो.

दादा आबांपेक्षा उंच, टोपी, धोतर, खांद्यावर गोणी. गोणी मी घेतो म्हटलं तर देईनात. किल्ल्यासमोर आले आणि उभे राहिले. भावाकडे बघितलं नाही. किल्ल्याकडे मात्र असं बघितलं की माझ्या कारखान्यातले ऑडिटर आठवले. मग पहिलं वाक्य बोलले.

"खाच आठे नही. तठे शे."

खाच इथे नाही, तिथे आहे. एवढ्या वर्षांनी भावाशी बोलायला हे वाक्य निवडलं होतं. आबा, ज्यांनी दीक्षित साहेबांना नोटीस वाचायला लावली होती, ते चाचरत सांगायला लागले की कापलेली बाजू लोकांना दिसावी म्हणून पुढे ठेवली, त्यामुळे धोडप मागून दिसतोय, खाच बरोबरच आहे. दादांना हे मान्य नव्हतं. धोडपला मागची बाजू असते हेच त्यांना मान्य नव्हतं. आपल्या खळ्यातून दिसतो तो धोडप, आणि खळ्यातून बघितलं तर खाच डाव्या हाताला. त्यांनी गोणी खाली ठेवली, बाह्या वर केल्या, आणि परीक्षण काही तासांवर आलेलं असताना सरळ कातळाची भिंत मोडली.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आबाही मोडत होते.

दोघं आता अहिराणीत बोलत होते, निम्मं मला कळत होतं, निम्मं नाही. माती कालवणं, भिंत उभी करणं, खाच कोरणं, त्यावरून वाद घालणं, सगळं एकदम चाललं होतं. मग दादांनी गोणीचं तोंड सोडलं. आत तांबडी माती होती, चाळलेली, एक खडा नाही. ती चाळायलाच त्यांना चार दिवस लागले होते, हे प्रवीणला नंतर कळलं. आबांनी ओंजळ भरून घेतली आणि फटीत अंगठ्यानं दाबत दाबत भरायला लागले. भरता भरता दादांना सांगत होते की खाली आग, वर आग, पण मधे इथे बराच काळ शांत होतं. किती काळ, असं दादांनी विचारलं. आबा म्हणाले, माती होईल एवढा.

त्याच बोलण्यात आबांनी बांधाचा विषय काढला. मला वाटतं हा खुलासा त्यांनी फार दिवस मनात घोटून ठेवला होता. बांध कुणीच कोरला नाही, तू नाही आणि मी नाही, असं ते म्हणाले. सगळा मुलूखच ईशान्येला सरकतोय, त्यात बांधही सरकला असेल. पृथ्वीच्या अंगावर सगळं टाकून दोघांनाही मोकळं करायचं असा तो डाव होता. दादांनी हातातली माती झटकली.

"दोन्हीसनी जमीन बरोबरच गयी ना? मंग बांध तठेच शे."

दोघांचीही जमीन बरोबरच गेली, मग बांध जिथल्या तिथेच. आबांच्या सगळ्या विद्येला कुणी दिलेलं हे पहिलंच उत्तर होतं. मग दादांनीच, खाचेकडे बघत, सांगितलं की नांगराची दोन तासं, म्हणजे दोन ओळी, त्यांनी आत घेतल्या होत्या, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. आणि पुन्हा खाच कोरायला लागले. आबांनी पाण्याचा मग दादांच्या हाताशी सरकवला.

एवढ्यात दीक्षित साहेब फेरीवर आले. किल्ला अर्धा मोडलेला आणि एक अनोळखी म्हातारा कोपरापर्यंत चिखलात, हे बघून त्यांनी कागद काढला. स्पर्धकाचं एकच नाव आहे, हे कोण, असं विचारलं. आबा उठून उभे राहिले.

"जोडीदार लिहा. पुंजाराम शेवाळे. माझा थोरला भाऊ."

साहेब माणूस नियमाचा असला तरी मनाचा चांगला आहे. त्यांनी त्या दोघांकडे एकदा बघितलं, आणि जोडीदार चालतो की नाही हे नोटिशीत बघण्याऐवजी नाव लिहून घेतलं.

संध्याकाळी चित्रकलेच्या सोनवणे बाई परीक्षणाला आल्या. सगळे किल्ले बघून शेवटी इथे आल्या. आबांनी मला खूण केली, मी बटण दाबलं, पृथ्वीचा गाभा लाल पेटला आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. आबा गाभ्यापासून सुरू झाले ते थराथरानं वर चढत गेले. हे काळे थर आहेत म्हणून कडे आहेत, मधे मऊ थर आहेत म्हणून माच्या आहेत, महाराजांना डोंगर असे पायऱ्यापायऱ्यांचे मिळाले ते या रसामुळे, असं त्यांनी सांगितलं तेव्हा दीक्षित साहेबसुद्धा पुढे सरकून ऐकायला लागले. तांबड्या थराशी आबा थांबले. बाईंनी विचारलं, हा रंग कुठला घेतला. आबा म्हणाले, रंग नाही, दादानं आणलंय. मग बाईंनी दादांना विचारलं की तुम्ही यात काय केलंत. दादा म्हणाले, खाच.

पहिला नंबर आला. जाहीर झालं तेव्हा पार्किंगमध्ये जो गलका उठला तसा आमच्या सोसायटीत आधी फक्त पाण्याचा टँकर आल्यावर ऐकला होता. पोरांनी आबांना उचलायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही म्हणून दादांना उचललं, तेही जमलं नाही. बक्षिसं मुलांसाठी आणलेली होती: एक कंपासपेटी आणि चित्राची पाण्याची बाटली. आबांनी कंपासपेटी घेतली, दादांनी बाटली गळ्यात अडकवली, आणि दीक्षित साहेबांनी दोघांच्या मधे उभं राहून फोटो काढून घेतला. तो फोटो आता सोसायटीच्या फलकावर आहे आणि त्यात सगळ्यात ऐटीत साहेबच दिसतात.

दादा त्या रात्री राहिले.

दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी. पहाटे मी रिवाजाप्रमाणे व्हर्नियर घेऊन गॅलरीत आलो. जाळीपलीकडे आबा बसले होते, अंगाला उटणं, मांडीवर नेलकटर. गेटकडे बघत नव्हते. तेवढ्यात आतून दादा आले, तेलाची वाटी हातात. त्यांची नजर त्या करंगळीवर गेली आणि कपाळाला आठी पडली.

"हाई काय शे?"

आबांनी हळूच मूठ मिटली. करंगळी आत घेतली. सत्तरीच्या त्या माणसानं ती मूठ पाठीमागे नेली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दादा हसायला लागले. स्टूल ओढून समोर बसले, भावाचा हात पुढे ओढला आणि एकेक बोट उलगडायला लागले. उलगडता उलगडता माझ्याकडे बघून सांगत होते की याचं लहानपणापासून हेच. दर दिवाळीला उटणं लावायच्या आधी खळ्यात बसवून मी याची नखं कापायचो, ब्लेडनं. नऊ बोटं गुमान द्यायचा. दहावं मुठीत लपवायचा. त्या एका बोटासाठी दर साली समजूत काढावी लागायची.

मला एकदम त्या सगळ्या दिवाळ्या आठवल्या. मांडीवरचं नेलकटर, गेटकडे लागलेले डोळे, पुन्हापुन्हा गार होणारं पाणी, आणि शेवटी तो सुस्कारा. आम्ही त्याला भारत समजत होतो. नऊ नखं स्वतः कापून दहावं दर वर्षी दादासाठी ठेवलेलं होतं.

कट्‌ असा आवाज झाला. मी जाळीतून हात घालून म्हटलं, थांबा, मापायचंय. पण दादांनी ते नख केव्हाच गॅलरीबाहेर भिरकावलं होतं. वर्षभराचा भारत खाली कुठेतरी जास्वंदीत जाऊन पडला. मी व्हर्नियर धरून तसाच उभा राहिलो. मला वाटलं आबा आता पुन्हा दोन दिवस बोलणार नाहीत.

आबा आपल्या कापलेल्या करंगळीकडे बघत होते. दादांनी तो हात अजून सोडला नव्हता.

"राहू द्या," आबा मला म्हणाले. "पोचलं."

आतून सूनबाईची हाक आली. दोघं भाऊ उठले, आधी कोण यावर थोडं भांडले, आणि थोरला आधी गेला. त्या दिवाळीला पाणी दुसऱ्यांदा तापवावं लागलं नाही.